हिशेबाची वही कोणाच्या हातात?

घरातील लहान बचतीविषयी मराठी समाजात दोन मते पक्की रुजलेली आहेत. पहिले मत असे, की रोजचा दहा-वीस रुपयांचा खर्च टाळला की कालांतराने घराला बरकत येते आणि ज्याला एवढेही जमत नाही तो उधळ्या होय. दुसरे मत असे, की आजच्या महागाईत असल्या चिल्लर बचतीतून काहीही साधत नाही, मिळकत वाढवणे हाच एक उपाय आहे आणि काटकसरीचे गोडवे गाणारे लोक गरिबाला उपदेशाचे डोस पाजण्यापलीकडे काही करत नाहीत. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. मात्र दोन्ही मते बचतीकडे केवळ साठलेली रक्कम म्हणून पाहतात आणि तेथेच चुकतात. लहान बचतीतून उभी राहणारी रक्कम लहानच असते. तिचे मोल अशासाठी, की ऐन वेळी हाताशी असलेले थोडे पैसे महागडे कर्ज टाळतात आणि बचत करायची म्हणून घराला आपला हिशेब आपणच ठेवावा लागतो. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक खोलवर जाणारी आहे, कारण घराच्या हिशेबाची वही ज्याच्या हातात असते त्याच्या हातात हळूहळू घराचा कारभारही जातो. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि पाहता पाहता पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत त्याचे लोण पसरले. 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचे वैशिष्ट्य असे, की त्यात माणसांना इजा करण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर भर होता. कर्जरोखे, खतपत्रे आणि हिशेबाच्या वह्या मागून घेऊन त्या जाळण्यात आल्या आणि जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले तेथे जमाव बहुधा पुढे गेला नाही. कापसाचे उतरलेले भाव आणि वाढलेला शेतसारा ही त्यामागची कारणे होतीच. परंतु आपण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले हे ऋणकोला कधीच कळत नाही, ते फक्त धनकोच्या वहीत असते, या असहायतेचा संताप त्या जाळपोळीत होता. महात्मा फुले यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या अक्षरशून्यतेचा आणि त्याच्या नागवणुकीचा जो संबंध दाखवला, तो याच अनुभवावर उभा आहे. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा केला, त्यात न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार तर मिळालाच, शिवाय ऋणकोला पावती आणि हिशेबाचा लेखी उतारा मागण्याचा हक्कही मिळाला. म्हणजे दंग्यांवरचा उपाय म्हणून राज्यकर्त्यांनाही वहीची एक प्रत शेतकऱ्याच्या हाती द्यावी लागली.

आज सुप्यासारखी परिस्थिती राहिलेली नाही, तरी वही कोणाची हा प्रश्न मिटलेला नाही. असंख्य कुटुंबांच्या महिनाभराच्या खर्चाची एकमेव लेखी नोंद कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील उधारीच्या वहीत असते. त्या दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. पगार लांबला किंवा काम सुटले तर महिनाभर वाणसामान पुरवणारा तोच असतो आणि तो व्याजही लावत नाही. फार तर भावात थोडे सावरून घेतो. परंतु घरात साखर किती लागते, तेल कधी संपते आणि कोणत्या आठवड्यात हात आखडतो हे त्याला ठाऊक असते, तर घराला महिनाअखेर केवळ एक आकडा कळतो आणि 'या महिन्यात बिल जास्त आले' एवढेच म्हणता येते. तात्काळ कर्ज देणारी मोबाइलवरील अॅप्स याच वाटेने पुढे गेली आहेत; कर्जदाराच्या खात्यात पैसे केव्हा येतात आणि केव्हा संपतात याचा त्यांनी केलेला अभ्यास कर्जदाराने स्वतः केलेला नसतो.

घरखर्चाच्या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा रकमेइतकेच वेळेत असते. रिक्षाचालक, गवंडी, घरकामगार स्त्री, हंगामी शेतमजूर वा फेरीवाला यांची मिळकत रोज किंवा आठवड्याला तुटक येते आणि कमी-जास्त येते. खर्चाची मोठी ओझी मात्र ठरावीक वेळी एकदम पडतात. जूनमध्ये शाळेचे शुल्क, गणवेश आणि वह्या-पुस्तके, त्याच सुमारास बी-बियाणे आणि छपराची डागडुजी, आश्विनात दिवाळी, लग्नसराईत आहेर आणि यांतल्या कशाचीही वाट न पाहता येणारे आजारपण. थेंबाथेंबाने येणाऱ्या पैशांतून ठरलेल्या दिवशी लागणारी एकगठ्ठा रक्कम उभी करणे हे अल्प मिळकतीच्या घरापुढचे मुख्य आर्थिक काम होय. गरिबांच्या आर्थिक व्यवहारांचा दीर्घकाळ अभ्यास केलेले स्टुअर्ट रदरफर्ड यांनी या कामाचे तीन मार्ग सांगितले आहेत. पहिल्या मार्गात आधी साठवून मग खर्च होतो. दुसऱ्यात आधी उचल घेऊन मग हप्त्याने फेड होते. तिसऱ्यात दोन्ही एकाच वेळी चालते. त्यांच्या मांडणीतील मर्म असे, की तिन्ही मार्गांत घराकडून जाणारे हप्ते जवळजवळ सारखेच असतात आणि फरक पडतो तो एकगठ्ठा रक्कम हप्त्यांच्या आधी मिळाली की नंतर, एवढ्यानेच. ज्याला कर्जाचा हप्ता भरता येतो त्याला बचतीचा हप्ताही भरता आला असता, असा त्याचा अर्थ होतो; फक्त गरज उभी राहण्यापूर्वी सुरुवात करायला हवी होती. हे बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण कर्जाच्या हप्त्यासाठी दारात कोणीतरी उभे राहते आणि बचतीच्या हप्त्यासाठी कोणीच उभे राहत नाही.

हाच मुद्दा आकड्यांत पाहावा. रोज ५० रुपये बाजूला काढणारे घर महिन्याला १५०० रुपये साठवते. ती रक्कम टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरून पाच वर्षांनी व्याजासह परत मिळणाऱ्या ठेवीत, टाकली आणि ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेला ६.७ टक्के दर धरला, तर ६० हप्त्यांत भरलेल्या ९० हजारांचे सुमारे १ लाख ७ हजार होतात. पाच वर्षांच्या चिकाटीची ही कमाई सुमारे १७ हजार रुपये. महागाई ५ टक्क्यांच्या आसपास धरली तर खरी वाढ जेमतेम दीड-पावणेदोन टक्के उरते. ही बेरीज पाहून 'एवढ्यासाठी कशाला मरमर' असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढता येणार नाही. आता दुसरी बाजू. त्याच घरात जूनमध्ये २० हजारांची गरज पडली, हाताशी काही नाही आणि विनापरवाना सावकाराकडून शेकडा ५ दराने पैसे उचलले, तर महिन्याला हजार रुपये नुसते व्याज जाते. बोलीभाषेतला 'शेकडा' हा दर महिन्याचा असतो. म्हणजे शेकडा ५ याचा वार्षिक अर्थ ६० टक्के आणि शेकडा १० याचा अर्थ १२० टक्के. वर्षभर मुद्दल फिटले नाही, तर १२ हजार रुपये केवळ व्याजापोटी संपतात आणि २० हजारांचे कर्ज जसेच्या तसे उभे राहते. हेच २० हजार साठवलेले असते, तर त्यावर वर्षाला १३००-१४०० रुपये व्याज मिळाले असते आणि ते वापरल्यावर तेवढेच बुडाले असते. लहान बचतीची खरी कमाई पासबुकात छापलेली नसते; न भरलेल्या १२ हजारांत ती असते. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज बसते हे ध्यानात घेतले, तर हा हिशेब नोकरदार मध्यमवर्गालाही लागू पडतो. सावकारीवर नियंत्रण ठेवणारा सध्याचा कायदा महाराष्ट्रात २०१४पासून आहे, परवाना आणि व्याजमर्यादाही त्यात आहेत. परंतु मुलाला सलाईन लावायचे असताना रात्री अकरा वाजता परवाना कोणी विचारत नाही.

येथे वहीकडे वळावे लागते, कारण रोजचे ५० रुपये कोठून काढायचे हा प्रश्न वहीशिवाय सुटत नाही. काटकसरीचे बहुतेक सल्ले चहा, वडापाव आणि सिनेमा यांच्यावर घसरतात. हे सल्ले अन्यायाचे तर आहेतच, शिवाय बहुधा चुकीचेही आहेत. एखाद्या घराने दोनशेपानी वही आणून महिनाभर मनापासून खर्च लिहिला तर काय दिसते, ते पाहण्यासारखे आहे. दूध, भाजी, वाणसामान, गॅस, वीजबिल, शाळा, औषध, रिक्षा असे रकाने पहिल्या आठवड्यात नीट भरले जातात. शेवटी 'किरकोळ' नावाचा एक रकाना असतो आणि महिनाअखेर बेरीज केली की तोच सर्वांत मोठ्यांपैकी एक निघतो. हा रकाना फोडून पुन्हा लिहिला, तर त्यात चैनीच्या वस्तू फार थोड्या सापडतात. सापडतात ते मोबाइलचे रिचार्ज, आहेराची पाकिटे, मंडळाची वर्गणी, मुलीच्या प्रकल्पासाठी आदल्या रात्री आणलेला कार्डशीट आणि फेव्हिकॉल, बस चुकली म्हणून केलेली रिक्षा, डबा झाला नाही म्हणून आणलेले बिस्किटपुडे, आणि पुन्हा पुन्हा आढळणारी नोंद म्हणजे पावशेर साखर, तेलाची छोटी पिशवी, शाम्पूची पुडी, अर्धा पावशेर डाळ.

या शेवटच्या नोंदी विशेष बोलक्या आहेत. सुट्टी आणि थोडी वस्तू घेणाऱ्याला ती किलोमागे महाग पडते. पाच लिटरच्या डब्यातले तेल आणि छोट्या पिशवीतले तेल एकच असले तरी त्याचा लिटरमागे भाव एक नसतो. पैसे कमी म्हणून थोडे घ्यायचे, थोडे घेतले म्हणून महाग पडायचे आणि महाग पडले म्हणून पैसे आणखी कमी पडायचे, या चक्रात घर अडकते. व्यापारात 'खेळते भांडवल' अशी एक संज्ञा आहे. माल आणण्यासाठी गुंतवायची आणि विक्रीतून परत येणारी, सतत फिरती राहणारी रक्कम असा तिचा अर्थ. स्वयंपाकघरालाही असे खेळते भांडवल लागते आणि ते नसणे ही गरिबीवर बसणारी एक प्रकारची पट्टी आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत जमलेले दोन हजार रुपये बँकेत टाकण्यापेक्षा महिन्याचे वाणसामान एकदम भरण्यासाठी वापरले, तर त्यांच्यावरचा परतावा कोणत्याही ठेवीपेक्षा जास्त असतो. वर्षाचे धान्य भरण्याची जुनी मराठी रीत याच हिशेबावर उभी होती. रब्बीचा माल बाजारात आल्यावर मार्च ते मे या काळात गहू, ज्वारी आणि तूरडाळ वर्षभरासाठी घ्यायची, कडक उन्हात वाळवायची, गव्हाला एरंडेल चोळायचे, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा आणि पावसाळ्यातल्या चढ्या भावापासून मोकळे व्हायचे. शहरातल्या दोन खोल्यांत कोठी ठेवायला जागा नाही, हे खरे आहे. परंतु चाळीतही एका पत्र्याच्या पेटीत गव्हाचे अर्धे पोते मावते, आणि ते आणण्यासाठी एप्रिलात जी एकगठ्ठा रक्कम लागते ती आधीच्या ऑगस्टपासून बाजूला पडावी लागते.

वही ठेवणाऱ्या घरात बचत कोठे ठेवायची हा पुढचा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर मराठी समाजाने कधीच एकाच जागी शोधलेले नाही. भिशी हे त्याचे उत्तम उदाहरण. बारा जणी दरमहा दोन-दोन हजार रुपये काढतात, २४ हजारांचा गठ्ठा होतो आणि चिठ्ठी उघडून तो एकीला दिला जातो. वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. पहिल्या महिन्यात जिला गठ्ठा मिळतो ती खरे तर बिनव्याजी कर्ज घेत असते आणि उरलेले अकरा महिने फेडत असते. बाराव्या महिन्यात जिची पाळी येते तिने तितकेच बिनव्याजी साठवलेले असते. मधल्या दहा जणी थोड्या ऋणको आणि थोड्या धनको असतात. रदरफर्ड यांचा तिसरा मार्ग तो हाच. बोलीच्या भिशीत गठ्ठा लवकर हवा असणारी त्यातले दोन-तीन हजार सोडून देते आणि ते इतरांत वाटले जातात. तेथे व्याज नाव बदलून येते, पण येते. भिशीत व्याज मिळत नाही म्हणून तिला नावे ठेवणारे एक गोष्ट विसरतात, की कर्जदाराच्या मागे लागतो तसा तगादा बचतीच्या मागे लावणारी दुसरी सोय सामान्य घराला क्वचितच मिळते. शेजारणीसमोर 'या महिन्यात जमत नाही' असे म्हणण्याची लाज हाच भिशीचा वसुली अधिकारी होय.

हाच तगादा संस्थांनीही ओळखला. भारतात टपाल बचत बँक १८८२ साली सुरू झाली, पण खिडकीपर्यंत जायला मजुराला खाडा करावा लागतो. कर्नाटकातील उडुपी येथे निघालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९२८ साली रोज दारात येऊन दोन-दोन आणे गोळा करण्याची पिग्मी ठेव योजना सुरू केली आणि तिचे नाव महाराष्ट्रातील नागरी बँका व पतसंस्थांच्या दैनंदिन ठेवींना इतके चिकटले, की दुकानात 'पिग्मीवाला आला' असे म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. टपाल खात्यासाठी आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या स्त्री प्रतिनिधींची योजना १९७२पासून आहे आणि त्यांचे ४ टक्के कमिशन सरकार देते, ठेवीदाराच्या रकमेतून ते कापले जात नाही. यापुढचे पाऊल बचत गटांनी टाकले. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, पुढे उमेद अभियानाने, हे काम गावोगावी नेले. दहा ते वीस जणींच्या गटात महिन्याला शंभर-दोनशे रुपये जमतात, त्यातूनच अंतर्गत कर्ज दिले जाते आणि शेकडा २ व्याज घेतले जाते. वर्षाला २४ टक्के हा दर कमी नाही. परंतु ते व्याज गटाच्याच वहीत परत येते, आणि ती वही बैठकीत सर्वांसमोर उघडी असते. सुप्याच्या शेतकऱ्याला जे मिळाले नव्हते ते येथे पंधरा जणींच्या मध्ये सतरंजीवर ठेवलेले असते.

बचतीचा विचार करताना ती कोण करते आणि ती कोणाची असते हे टाळता येत नाही. मराठी घरांत डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत वा देव्हाऱ्यामागे ठेवलेले पैसे ही पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांची बँक होती. घरखर्चासाठी मिळालेल्या रकमेतून वाचवलेले ते पैसे घरातल्या पुरुषाला माहीत नसत, किंवा माहीत असून तो त्यांचा उल्लेख करत नसे. नोव्हेंबर २०१६मध्ये ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा ही गुप्त बँक चार दिवसांत उघडी पडली आणि अनेकींना वीस-वीस वर्षांची शिल्लक नवऱ्याच्या वा मुलाच्या खात्यात भरावी लागली. त्यातली किती पुन्हा त्यांच्या हातात आली, हा प्रश्न विचारला गेला नाही. घरखर्चातून वाचवलेल्या पैशावर मालकी कोणाची हा वाद इतरत्र न्यायालयांतही गेला आहे. इंग्लंडमध्ये १९४३ साली एका खटल्यात असा निकाल लागला, की घरखर्चाच्या रकमेतून पत्नीने साठवलेले पैसे पतीचे ठरतात. तेथे १९६४ साली कायदा बदलून त्यावर दोघांचा सारखा वाटा मान्य करावा लागला. आपल्याकडे जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या एका निकालात गृहिणीच्या आर्थिक असुरक्षिततेची दखल घेऊन संयुक्त खाते आणि एटीएम कार्ड तिच्या हाती देण्याची गरज बोलून दाखवली. डब्यातला पैसा गुप्त ठेवावा लागतो, याचा अर्थ घराच्या वहीत तिला स्थान नाही असा होतो, आणि ज्या घरात बचत करणाऱ्या व्यक्तीलाच वहीत स्थान नाही त्या घराची आर्थिक घडी बसली असे म्हणता येणार नाही.

याच ठिकाणी काटकसरीची एक काळी बाजूही नोंदवली पाहिजे. घरात काही कमी करायचे ठरले की पहिली कात्री बहुधा बाईच्या ताटाला लागते. तिचे दूध बंद होते, उरलेसुरले ती खाते, तिची कंबरदुखी पुढच्या महिन्यावर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. पण ज्या घरात बचत म्हणजे आईने न खाणे असा अर्थ झाला, त्या घरातली शिल्लक शिल्लक नव्हेच, ती पुढच्या आजारपणाची उचल आहे. वहीत लिहिला न गेलेला हा खर्च सर्वांत महाग असतो.

गेल्या दहा वर्षांत हातातल्या पैशाचे रूपच पालटले आहे. एप्रिल २०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे देवघेव सोपी झाली आणि तिने लहान विक्रेत्याचा सुट्ट्या पैशांचा त्रास वाचवला, हे निर्विवाद आहे. मात्र पूर्वी बाजारातून आल्यावर पिशवी रिकामी करताना जी मोड उरे, आणि जी नकळत गल्ल्यात जाई, ती आता उरत नाही. बरोबर ३७ रुपये द्यायचे तर बरोबर ३७ जातात. पैसा संपताना डोळ्यांना दिसत नाही. त्याच फोनवर 'आता घ्या, नंतर भरा' असा मजकूर येतो आणि फ्रीज, मोबाइल, सहल, कधी कधी मुलाचा वाढदिवसही हप्त्यांत विभागला जातो. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे ठेवी, विमा, रोखे इत्यादींतून कर्जे वजा जाता उरणारी बचत, देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. कित्येक दशकांतील हा नीचांक होता आणि त्यामागे कर्जांची वाढ हे मोठे कारण होते. यातील काही कर्जे घरासाठी असल्याने तो सगळा पैसा वाया गेला असे मानू नये, हा अर्थतज्ज्ञांचा आक्षेप रास्त आहे. तरीही हप्ता आधी ठरणे आणि मिळकत नंतर येणे ही घडण आता मध्यमवर्गाच्याही अंगवळणी पडली आहे. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांना, सर्व शुल्के धरून वार्षिक दर किती पडतो हे सांगणारे एक पत्रक कर्जदाराला आधीच देणे बंधनकारक केले. १८७९च्या कायद्यातील लेखी उताऱ्याचाच हा नवा अवतार आहे, आणि वाचला नाही तर तोही निरुपयोगी आहे.

साठवलेले सुरक्षित ठेवणे हे साठवण्याइतकेच अवघड आहे, हे महाराष्ट्राला पुन्हा पुन्हा कळले आहे. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, ४ फेब्रुवारी २०२०पासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण नाही. दोन्हींच्या पाट्या शेजारी शेजारी असतात, दोन्हीकडे ओळखीचाच माणूस पैसे न्यायला येतो आणि पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त व्याज देते. एवढ्यावर आयुष्याची पुंजी तेथे जाते. 'दामदुप्पट' या शब्दाचा प्रवासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट हा ऋणकोच्या रक्षणाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असे तो सांगे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो पाळत. आज हाच शब्द अल्पावधीत पैसे दुप्पट करून देण्याच्या आमिषासाठी वापरला जातो आणि त्याला बळी पडणारे बहुतेक लोक वर्षानुवर्षे पै-पै जोडत आलेले असतात. ज्याला वर्षाला ७ टक्के दराने दाम दुप्पट व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात हे ठाऊक आहे, त्याला दीड वर्षात दुप्पट देणाऱ्याचा संशय येतो.

बचतीला तिच्या मर्यादेबाहेर ओढणे हाही अन्यायच आहे. ज्या घराची मिळकत धान्य, भाडे आणि औषध यांतच संपते, त्या घराला बचत शिकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तेथे प्रश्न मजुरीच्या दराचा, नियमित कामाचा आणि सरकारी दवाखान्याचा आहे. कर्करोग, अपघात, हृदयविकार यांचा खर्च रोजच्या ५० रुपयांनी पेलत नाही. त्यासाठी विमा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी सार्वजनिक व्यवस्थाच हवी, आणि कुटुंबाने काटकसर करावी असे सांगून शासनाला त्या कर्तव्यातून मोकळे करता येणार नाही. मात्र शासनाने कर्तव्य करेपर्यंत वही उघडू नये, असेही त्यातून निघत नाही. १९०८ साली तळेगावात काचकारखाना उभा राहिला तो अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. परंतु त्या कारखान्यामागे केवळ पैसे नव्हते, तर कोणाचा पैसा आला आणि तो कोठे गेला हे लिहून ठेवणारी माणसे होती.

घराच्या वहीचेही असेच आहे. ती एकट्याने लिहायची आणि एकट्याने झाकून ठेवायची वस्तू नव्हे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, जेवणे झाल्यावर, ती सर्वांसमोर उघडावी. कोणाला दोष न देता बेरीज मोठ्याने वाचावी. 'किरकोळ'चा रकाना फोडावा. पुढच्या जूनसाठी किती आणि एप्रिलातल्या गव्हासाठी किती हे एका ओळीत लिहावे आणि त्यात सुनेचे, आईचे, मुलांचे म्हणणेही यावे. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० हे गणित सातवीतल्या मुलीला घरच्या वहीवरूनच करू द्यावे. टपाल खात्यातील आवर्ती ठेवीचे खाते १०० रुपयांपासून उघडते आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने उघडता येते.